जवारी कोण काढणार?

बेंगळुरूच्या इंदिरानगर संगीत सभेच्या सभागृहाचे नाव पुरंदर भवन आहे. कर्नाटक संगीताचे पितामह मानले गेलेले पुरंदरदास चित्रांत आणि मूर्तींत दिसतात ते हातात तंबोरी घेऊनच. त्यांच्या रचनांची मुद्रा 'पुरंदरविठ्ठल', म्हणजे दैवत पंढरीचे. योगायोग असा, की आज याच शहरात एखादा गायक ख्याल मांडायला बसतो तेव्हा त्याच्या मागे झंकारणाऱ्या तंबोऱ्याचा भोपळाही बहुधा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात, भीमेकाठच्या शेतात वाढलेला असतो. लाकूड येते कर्नाटकातल्या रानातून. आणि या दोघांची गाठ पडते ती सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत. कानडी लाकूड आणि मराठी भोपळा मिळून तयार झालेले हे वाद्य राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रातोरात बेंगळुरूला पोचू शकते. पण ते इथवर का पोचते, हा प्रश्न प्रवासापेक्षा अवघड आहे.

अवघड अशासाठी, की तंबोऱ्याला पर्याय शोधायला बेंगळुरूच्या माणसाला शहराबाहेर जावे लागत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा जन्मला तोच या शहरात. जी. राज नारायण हे पेशाने अभियंते आणि छंदाने नव्हे तर साधनेने बासरीवादक. त्यांनी १९७९ मध्ये रॅडेल ही कंपनी काढून तो बाजारात आणला. हे बेंगळुरूत घडावे यात नवल नाही. विमाने, दूरध्वनी, रडार बनवणाऱ्या सरकारी कारखान्यांनी या शहराला अभियंत्यांच्या दोन पिढ्या दिल्या. इंदिरानगरचे काही भाग आजही 'एचएएल दुसरा टप्पा', 'तिसरा टप्पा' अशाच नावांनी ओळखले जातात. ज्या शहराने तंबोरा डब्यात बसवला, त्या शहरात मिरजेच्या लाकडी तंबोऱ्याचे दिवस भरायला हवे होते. तसे झाले नाही. रियाजाला डबा किंवा मोबाइलमधले अॅप असते, पण मैफलीच्या बैठकीवर दोन तंबोरे लागतातच, आणि ते कुठले असावेत असे विचारले तर ख्यालगायकांच्या वर्तुळात पहिले नाव मिरजेचे निघते.

याचे ठरलेले उत्तर असे, की मिरजेसारखा आवाज दुसरीकडे मिळत नाही. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. आवाज चांगला असणे हे लोकप्रियतेचे कारण म्हणून सांगितले जाते तेव्हा 'चांगला' म्हणजे काय हे कुणी ठरवले, आणि पाच वर्षांनी तो तसाच चांगला कोण ठेवणार, हे दोन प्रश्न बाजूला राहतात. माझे म्हणणे असे, की तंतुवाद्याची लोकप्रियता विक्रीच्या दिवशी ठरत नाही. ती दुरुस्तीच्या दिवशी ठरते. ज्या वाद्याला हात लावणारा माणूस वादकाच्या आवाक्यात असतो, ते वाद्य टिकते. टिकते म्हणून शिष्यांच्या कानावर पडत राहते. कानावर पडत राहिले की तोच आवाज 'चांगला' ठरतो. मिरजेच्या तंबोऱ्याचा मान समजून घ्यायचा तर कारखान्याइतकेच या साखळीकडे पाहावे लागते.

हा केवळ आपल्याकडचा प्रकार नाही, हे आयर्लंडच्या हार्पकडे पाहिले की ध्यानात येते. हार्प हे त्या देशाचे राजचिन्ह आहे, नाण्यांवरही तेच असते. आणि २०१९ मध्ये युनेस्कोने आयरिश हार्पवादनाचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. पण ज्या वाद्यामुळे हा मान मिळाला ते मूळ वाद्य आणि आज आयरिश मुले शिकतात ते वाद्य यांत मोठे अंतर आहे. जुन्या हार्पला धातूच्या तारा असत आणि त्या वाढवलेल्या नखांनी छेडल्या जात. १७९२ मध्ये बेलफास्टला वृद्ध हार्पवादकांचे संमेलन भरवले गेले, तेव्हा त्या जुन्या पद्धतीने वाजवणारा डेनिस हेम्पसन हा नव्वदी उलटलेला एकच वादक उरला होता. जमलेल्या वादकांचे सूर टिपून घ्यायला एडवर्ड बंटिंग हा एकोणीस वर्षांचा तरुण नेमला होता. सूर कागदावर राहिले, वाद्य मात्र विरले. पुढे १८१९ च्या सुमारास डब्लिनच्या जॉन ईगन याने आतड्याच्या तारांची, उचलून नेता येईल अशी छोटी हार्प बनवली. आजची 'लिव्हर हार्प' ही त्या वळणाची. तिच्या प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाशी एक छोटी कळ असते. कळ फिरवली की तारेची वाजणारी लांबी थोडी कमी होते आणि सूर अर्ध्या स्वराने चढतो. शुद्धचा तीव्र किंवा कोमलचा शुद्ध व्हावा तसा.

या कळी दिसायला मामुली, पण वाद्याची परीक्षा तिथेच होते. कळ नीट बसली नाही तर तार खरखरते, सूर नेमक्या अर्ध्यावर येत नाही, किंवा कळ लावलेली तार शेजारणीपेक्षा मंद वाजते. ते ठीक करणारा माणूस लागतो, आणि तुटलेल्या तारेच्या जागी त्याच जाडीची, त्याच ताणाची तार मिळावी लागते. आयर्लंडमध्ये स्वतःचे कारागीर आहेत, तरीही जपानची आओयामा, इटलीची साल्वी, फ्रान्सची कामाक अशा परदेशी कारखान्यांच्या हार्प तिथे रुजल्या. देशाच्या राजचिन्हाचे वाद्य जपानहून यावे हे वरवर विचित्र वाटते. पण शिकणाऱ्याच्या बाजूने पाहा. त्याला हवी असते सारखी बनावट, ठरलेला ताण, हमखास मिळणाऱ्या तारा आणि शिक्षकाच्या हार्पशी जुळणारी हार्प. बोटांना ज्या अंतराची आणि ज्या ताणाची सवय लागते, ती पुढे बदलणे जड जाते. एकदा शिक्षकांच्या एका पिढीच्या घरी ठरावीक बनावटीची वाद्ये आली, की विद्यार्थ्यांची पिढी त्याच दाराने आत येते. वाद्य राष्ट्रीय असणे वेगळे आणि ते रोज चालते ठेवणे वेगळे. निवड होते ती दुसऱ्या गोष्टीवर.

आता मिरजेकडे येऊ. तिथल्या वाद्यनिर्मितीची परंपरेने सांगितली जाणारी हकीकत मुळात दुरुस्तीचीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिरजेतले शिकलगार तलवारींना धार लावणे, शस्त्रे बनवणे असे काम करत. इंग्रजी अंमलात शस्त्रांची मागणी आटली. त्याच सुमारास पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला उत्तरेकडचे गवई-वादक येऊ लागले, आणि त्यांची वाद्ये मोडली तर ती सुधारायला जवळपास कुणी नव्हते. फरीदसाहेब शिकलगार यांनी ते काम अंगावर घेतले, सुधारता सुधारता वाद्याची रचना समजून घेतली आणि मग नवे वाद्य बनवले. शिकलगारांचे आडनाव पुढे सतारमेकर झाले आणि गल्लीलाही तेच नाव पडले. कथेतले तपशील घराण्यागणिक थोडे बदलतात, पण सांगाडा तोच राहतो: आधी दुरुस्ती आली, निर्मिती मागाहून. धार लावणाऱ्या हाताला पृष्ठभाग केसभर खरवडण्याची सवय असते. तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती घोडी घासून आवाज उमलवायला, लागते ती नेमकी तीच सवय.

आणि हे हात ज्या मुलखात होते तो मुलूख गाणाऱ्यांचा होता, हा दुसरा योग. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, आणि कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे शिकले ते मिरजेतच. अल्लादियाखाँ साहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला होते ते कोल्हापूर मिरजेपासून पन्नासेक किलोमीटरवर. किराना घराण्याचे अब्दुल करीमखाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना दफन केले ते मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तिथे गाणे होते. धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू या दोघांनीही मिरजेच्या नीलकंठबुवांकडे तालीम घेतली. म्हणजे ज्यांना आज आपण कर्नाटकाचे मोठे ख्यालगायक म्हणतो त्यांच्यातल्या काहींचा कान ऐन घडणीच्या वयात मिरजेच्या वळणाच्या तंबोऱ्यावर घडला असणार. पुढे त्यांनी शिष्यांना 'तंबोरा असा लागला पाहिजे' म्हणून जे ऐकवले, तेही त्याच वळणाचे असणार. असा मिरजेचा झंकार हुबळी-धारवाडमार्गे दक्षिणेला सरकत गेला.

पण 'झंकार' म्हणजे नेमके काय? इथे बेंगळुरूचा आणखी एक धागा हाती लागतो. इंदिरानगरच्या शेजारच्या वस्तीला ज्यांचे नाव आहे ते चंद्रशेखर वेंकट रामन बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत आले १९३३ मध्ये, नोबेल मिळाल्यावर. त्याआधी, कलकत्त्यात असताना, १९२१ मध्ये त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा शोधनिबंध लिहिला होता. त्यातले निरीक्षण असे. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर, म्हणजे स्वयंभू स्वर, उमटतात. तार जिथे छेडाल तिथे ज्या स्वयंभू स्वराचा निश्चल बिंदू असेल तो स्वर वाजू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जो स्वर उमटू नये तोही खणखणीत उमटतो. रामन यांनी कारण दाखवले ते घोडीत. व्हायोलिनची घोडी सुरीच्या पात्यासारखी, तार तिच्यावर एका बिंदूवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तार तिच्या उतारावर घासत राहते, प्रत्येक कंपनात टेकण्याची जागा पुढेमागे होते, आणि मूळ स्वराची ऊर्जा वरच्या स्वरांत वाटली जाते. तारेखाली सरकवलेले सूत ही जागा नेमकी साधून देते. सूत रेसभर सरकले की बसलेला आवाज एकदम उमलतो. त्यालाच आपण जवारी लागली म्हणतो.

या शास्त्राचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. तंबोऱ्याचा आवाज दांडीत नसतो, भोपळ्यातही फारसा नसतो. भोपळा आणि तबली तो मोठा करतात, गोल करतात. आवाजाचा स्वभाव ठरतो तो घोडीच्या माथ्यावरच्या बोटभर जागेत. आणि तीच जागा झिजते. पोलादाच्या आणि पितळेच्या तारा रोज त्याच ठिकाणी घासून बारीक खाचा पाडतात. खाच पडली की तार उतारावर खेळत नाही, रुतून बसते, आणि आवाज ठसका लागल्यासारखा येतो. मग घोडी घासून तिला पुन्हा बाक द्यावा लागतो. कानसेचा एक हात जास्त फिरला तर तार चिरचिरते, कमी फिरला तर मुकी राहते. पूर्वी घोडीच्या माथ्यावर हस्तिदंत किंवा सांबराचे शिंग असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनंतर ते बंद झाले, आणि हाड, शिसवी, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ आले. प्रत्येकाची झीज वेगळी, घासण्याची रीत वेगळी. तेव्हा तंबोरा विकत घेणारा माणूस खरे तर एक वाद्य आणि त्यासोबत दर काही वर्षांनी उद्भवणारी एक गरज विकत घेतो. ती गरज कोण भागवणार, हे आधी ठाऊक असलेले वाद्य त्याला आपले वाटते.

यावर पहिला आक्षेप मालाचा घेतला जाईल. मिरजेचा भोपळा जाड सालीचा, लाकूड मुरवलेले, म्हणून आवाज भरीव. हे सोडून दुरुस्तीचे काय घेऊन बसलात? मालाचे महत्त्व मी नाकारत नाही. कडू भोपळा वेलावर पुरता पिकू देणे, मग महिनोन्महिने वाळवणे, त्याच्या आकाराप्रमाणे वाद्याची पट्टी ठरवणे ही मोठी विद्या आहे. पण भोपळा सोलापूर जिल्ह्यातला आणि तुणाचे लाकूड कर्नाटकातले असेल, तर ते मिरजेलाच मिळते असे म्हणता येत नाही. पैसे मोजून ते पुण्याला, कलकत्त्याला किंवा बेंगळुरूलाही नेता येईल. मिरजेत जे आहे आणि पैशाने नेता येत नाही, ते म्हणजे एका गल्लीत एकवटलेली कामाची वाटणी: कुणी कोठा बांधणारा, कुणी नक्षी कोरणारा, कुणी रोगण देणारा, आणि सरतेशेवटी जवारी काढणारा. माल बाहेरून येऊनही वाद्य मिरजेचे म्हणवते, ते या हातांमुळे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. दुरुस्तीची जवळीकच निर्णायक असेल तर बेंगळुरूला मिरजेपेक्षा तंजावर जवळ आहे. तंजावरचा तंबुरा फणसाच्या लाकडाचा, भोपळ्याऐवजी त्याचा कोठाही लाकडीच. प्रवासात फुटण्याची भीती त्यामुळे कमी. मग इथल्या ख्यालगायकाने तंजावरचे वाद्य का उचलले नाही? याचे उत्तर असे, की दुरुस्ती म्हणजे केवळ हत्यारे घेऊन बसलेला जवळचा माणूस नव्हे. तुमच्या कानाला काय हवे हे न सांगता ओळखणारा माणूस हवा. कर्नाटक गायकाला तंबुऱ्याकडून जो आधार हवा असतो आणि विलंबित ख्यालात एका स्वरावर रेंगाळणाऱ्याला जो हवा असतो, त्यांत फरक आहे. तंजावरचा कारागीर त्याच्या गायकांच्या कानाने जवारी काढतो, मिरजेचा त्याच्या गायकांच्या. अंतर मोजायचे ते कोसांत नाही, कानांत. त्याच शहरात, कदाचित पुरंदर भवनाच्या त्याच रंगमंचावर, दोन परंपरांचे गायक दोन ठिकाणांहून आलेली वाद्ये घेऊन बसतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

सतारीचे उदाहरण हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगते. सतार मिरजेतही उत्तम बनते, तरी मोठ्या सतारियांची नावे निघतात तेव्हा कारागिरांची नावे कलकत्त्याची असतात. रविशंकरांच्या सतारी नोदू मलिक यांनी घडवलेल्या. हे मलिक घरी बसून सतारी पाठवत नव्हते. रविशंकर १९५६ मध्ये पहिल्यांदा युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा तबल्याला चतुरलाल आणि तंबोऱ्याला खुद्द नोदू मलिक होते. सतार घडवणारा माणूस दररात्री त्या सतारीच्या हातभर मागे बसून ती ऐकत होता. अशी जवळीक असली की वाद्यात पुढचे बदल वादकाच्या मनाप्रमाणे होत जातात, आणि वादकाची कीर्ती वाद्याची कीर्ती होते. मिरजेभोवती गायकांचा मुलूख होता म्हणून तिचा तंबोरा मोठा झाला. कलकत्त्याभोवती सतारियांचा होता म्हणून तिथली सतार. दोन्हीकडे कारागिरी कमी-जास्त होती म्हणून हा फरक पडला नाही. फरक पडला तो रोज कान लावणारे गिऱ्हाईक कोण होते यावरून.

यातून तिसरा, थोडा कडवट आक्षेप निघतो: मग हा सगळा सवयीचाच खेळ म्हणायचा का? गुरूकडे होता म्हणून शिष्याने घेतला, शिष्याकडे आहे म्हणून नातशिष्य घेईल. त्यात गुणाचा संबंध काय? संबंध असा, की इथली सवय आंधळी नाही, तिला रोजची परीक्षा आहे. तंबोरा एकट्याने वाजण्यासाठी नसतो. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार कानी येतो की नाही, आणि त्याला गळ्यातला गांधार भिडतो की नाही, हे गायकाला दर पहाटे कळते. त्यापोटी मिरज-सांगलीच्या परिसराने नुसती वाद्ये बनवली नाहीत, स्वरांची मोजमापेही केली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीमखाँच्या गळ्यावर आणि तारांवर प्रयोग करून बावीस श्रुतींविषयीचे आपले पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे निष्कर्ष पुढे वादग्रस्त ठरले, भातखंड्यांसारख्यांना ते पटले नाहीत. पण वाद कोणत्या बाजूने सुटला यापेक्षा तो या गावांच्या परिसरात उपजला हे महत्त्वाचे. जिथे गायक, कारागीर आणि मोजपट्टी घेतलेला अभ्यासक एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते, तिथली सवय ही पारखून घेतलेली सवय होती.

आता चौथा आणि आजच्या घडीचा आक्षेप, बेंगळुरूच्या डब्याचा. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला घोडी नाही, तार नाही, झीज नाही. दुरुस्तीचा प्रश्नच त्याने निकालात काढला. मग दुरुस्तीच निर्णायक आहे या माझ्या म्हणण्याप्रमाणे त्यानेच जिंकायला हवे होते. खरे सांगायचे तर बऱ्याच अंशी तो जिंकलाही आहे, आणि त्यात वाईट काही नाही. सदनिकेत राहणाऱ्या, नोकरीवरून येऊन तासभर गाणाऱ्या माणसाला साडेचार-पाच फुटांचे, उन्हाला आणि धक्क्याला भिणारे वाद्य सांभाळणे कठीण असते. त्याच्यासाठी डब्याने गाण्याचे दार उघडले. पण तो जिंकला कुठे आणि थबकला कुठे, ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीच्या डब्यांत तंबोऱ्याच्या आवाजाची विद्युत नक्कल होती. पुढच्या यंत्रांत आणि अॅपमध्ये खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण भरले गेले. म्हणजे यंत्राने जितकी सुधारणा केली तितके ते लाकडाच्या जवळ गेले. चांगले यंत्र कोणते, तर जे खऱ्या लागलेल्या तंबोऱ्यासारखे वाजते ते. मापपट्टी घोडीवरच राहिली. कुणीतरी कुठेतरी जवारी नीट काढली म्हणूनच ते मुद्रण भरण्याजोगे झाले. आणि एक गोष्ट यंत्राने विद्यार्थ्याकडून नकळत काढून घेतली: तंबोरा लावण्याचा रियाज. तारेतला मणी रेसभर सरकवून जोडीच्या दोन तारा एक झाल्या की नाही हे ऐकणे, हाच कान घडवण्याचा पहिला धडा होता. बटण फिरवून तो शिकता येत नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे बाहेर बनलेले वाद्य 'मिरजेचे' म्हणून विकणाऱ्याला चाप बसेल, नावाला कायद्याचे कुंपण मिळेल. हे योग्यच झाले. पण मानांकन वाद्याच्या जन्मगावाची साक्ष देते, त्याच्या पुढच्या आयुष्याची नाही. घोडी झिजल्यावर प्रमाणपत्र कामाला येत नाही. मिरजेच्या कारागिरांनी आपली पत राखली ती वेगळ्या मार्गाने: पुण्या-मुंबईत दुकाने थाटून, शहरोशहरी फिरून, आणि १९५३ पासून चालत आलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी तंबोऱ्यांपाशी हजर राहून. मैफलीआधी तंबोरे जुळवणारा सतारमेकर हा श्रोत्यांच्या नजरेत येत नाही, पण मिरजेची खरी जाहिरात तोच आहे. म्हणून या परंपरेला धोका यंत्राचा कमी आणि या माणसांच्या संख्येचा जास्त आहे. नवा कोठा बांधायला शिकणारा तरुण पाच-सात वर्षांत हाताशी येईल. जवारीचा कान यायला त्याहून जास्त काळ जातो, आणि त्या काळात त्याच्या घरी चूल पेटली पाहिजे. आपण वाद्याची किंमत मोजतो, घोडी घासण्याची मजुरी देताना मात्र कुरकुरतो. हिशेब नेमका उलटा असायला हवा.

आयर्लंडच्या हार्पने हा धडा दोन शतकांपूर्वी शिकवून ठेवला आहे. बंटिंगने सूर उतरवून घेतले, तरी धातूच्या तारांचे ते वाद्य घडवणारे आणि लावणारे हात थांबले तेव्हा वाद्यही थांबले. मागाहून आलेली आवड दुसऱ्या घडणीच्या हार्पवर बसली. तंबोऱ्याची ध्वनिमुद्रणे आज हवी तितकी आहेत, प्रत्येक अॅपमध्ये आहेत. ती बंटिंगच्या वहीसारखीच आहेत: मौल्यवान, पण मागे हात नसतील तर नुसती नोंद. तेव्हा इंदिरानगरमधल्या ज्या घरात मूल गाणे शिकते आहे आणि आता खरा तंबोरा घ्यावा असे घाटते आहे, त्या घराने दुकानदाराला नक्षी, रोगण आणि किंमत जरूर विचारावी. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: तीन वर्षांनी याची जवारी कोण काढणार, आणि तो माणूस बेंगळुरूला कधी येतो? ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असेल, त्याचा तंबोरा घ्यावा. मिरजेचे नाव मोठे झाले ते पिढ्यानपिढ्या हे उत्तर तिच्यापाशी तयार होते म्हणून. आपण हा प्रश्न विचारत राहिलो, तर ते उत्तर देणारा पुढचा माणूसही तयार होईल.